सुपर बिल्टअप टेराबाइट

शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला डोंबिवली पूर्वेतल्या कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात कान देऊन उभे राहा. एखाद्या मजल्यावरून हमखास हाक ऐकू येते, ‘बाबा, जागा नाहीये!’ या गावाला हे वाक्य नवे नाही. लोकलच्या डब्यात, पार्किंगमध्ये, क्लासच्या बाकावर आणि रिक्षाच्या रांगेत ते रोज उच्चारले जाते. पण ही हाक देणारे चिरंजीव घरच्या सोफ्यावर ऐसपैस पसरलेले असतात, आणि जागा नसते ती टीव्हीखालच्या प्लेस्टेशनमध्ये. नवा गेम उतरवायचा आहे आणि ४३ जीबी कमी पडत आहेत. मग जुन्यातले काय काढायचे यावर कुटुंबाची बैठक बसते. ‘हा काढ.’ ‘तो ऐंशी टक्के झालाय.’ ‘मग तो?’ ‘तो दादाचा आहे.’ ‘दादा पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली.’ ‘दिवाळीत येतो ना!’ ‘बरं, हा फुटबॉलचा?’ ‘तो मी खेळत नाही, पण असू दे.’ पाऊण तासाच्या वाटाघाटींनंतर ३०० एमबीचा एक डेमो सर्वानुमते काढला जातो. आता ४२.७ जीबी कमी पडत असतात.

यावर जगभर एकच औषध सांगितले जाते, ते म्हणजे मोठी डिस्क घ्या. माझे म्हणणे असे की मोठ्या डिस्कने फक्त तारीख पुढची मिळते, निकाल तोच लागतो. आणि हे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडू नये, कारण या प्रयोगाची प्रयोगशाळा त्याच्याच दारात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा तिला १४ डबे होते आणि माणसे होती ४००. म्हणजे डब्यामागे अठ्ठावीस-एकोणतीस. सकाळी आठच्या डोंबिवली फास्टमध्ये तेवढी माणसे नुसत्या एका दारात असतात, त्यांतली चार बाहेर. पुढे लोकलचे डबे नऊ झाले, बारा झाले, २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल आली. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. या प्रत्येक वेळी उभे राहायला जागा वाढली, आणि प्रत्येक वेळी ती बातमी टिटवाळा-बदलापूरपर्यंत पोचून तिथे नव्या इमारतींची जाहिरात लागली. डबा वाढला की गर्दीला निमंत्रण जाते. डिस्कचेही तसेच होते. रिकामे जीबी दिसले की माणसाला आपण कधीच न खेळणारे गेम आठवू लागतात.

मुळात विकत घेतलेली जागा हातात किती पडते, हा पहिला धक्का. एक टेराबाइटची डिस्क घरी आणून संगणकाला लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवते. ६९ जीबी कुठे गेले? दुकानदाराने मारले नाहीत, वाटेत कुर्ल्याला सांडले नाहीत. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १,०२४ ने मोजते, आणि दोघेही त्याला जीबीच म्हणतात. हा घोळ मिटवायला आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये ‘गिबीबाइट’ असा वेगळा शब्द काढला. तो आजवर एकाही दुकानात कुणी गंभीर चेहऱ्याने उच्चारलेला नाही. कन्सोलवाल्यांची तऱ्हा याच्याही पुढची. प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या आवृत्तीत डिस्क ८२५ जीबीची, वापरायला मिळतात ६६७. एक्सबॉक्स सीरिज एस ५१२ जीबीचा, हाती येतात ३६४, म्हणजे जवळजवळ २९ टक्के वजा. घोडबंदर रोडवर फ्लॅट पाहिलेल्या माणसाला हे गणित पाठ आहे. जिना, लिफ्ट, लॉबी, गच्चीवरची टाकी आणि बिल्डरचा उदार स्वभाव यांचा तुमच्या डोक्यावरचा वाटा मिळून जे होते ते सुपर बिल्टअप. चटई टाकता येते ते कार्पेट. या दोहोंतल्या फरकाला बिल्डरांच्या भाषेत ‘लोडिंग’ म्हणतात. गेम सुरू होताना पडद्यावर फिरत राहते त्यालाही लोडिंगच म्हणतात, हा योगायोग मानायला मन घेत नाही. फ्लॅटच्या बाबतीत निदान १ मे २०१७ पासून महारेरा आले आणि कार्पेट एरियावर व्यवहार करणे भाग पडले. टेराबाइटला महारेरा नाही.

उरलेल्या कार्पेटमध्येही पूर्ण ताबा मिळतो असे नाही. संगणकाच्या सी ड्राइव्हवर ‘हायबरफिल’ नावाची एक फाइल असते. संगणकाने गाढ झोपी जाताना आपले चालू विचार लिहून ठेवायची ही वही. ती कित्येक जीबी अडवून बसते, साध्या नजरेला दिसत नाही आणि घालवायला गेलात तर आदेश लिहावा लागतो. थोडक्यात पगडीचा भाडेकरू. विंडोजची मोठी सुधारणा झाली की ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर मागे राहतो. हे आधीच्या बिऱ्हाडाचे सामान, ‘दहा दिवसांत नेतो’ म्हणून ठेवलेले. आणि आश्चर्य असे की ते खरोखरच दहा दिवसांनी आपोआप जाते, बहुतेक बिऱ्हाडांपेक्षा अधिक सचोटीने. पण या सगळ्यांवर दोष ढकलून माणसाला सुटता येणार नाही. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (२)’, ‘डेस्कटॉप जुने’, ‘डेस्कटॉप जुने - नीट लावायचे’ आणि ‘सगळे’ ही बाळे कुठल्या कंपनीने जन्माला घातलेली नाहीत. ‘सगळे’ या फोल्डरच्या आत आणखी एक ‘सगळे’ असतो, आणि दोन्हींत मावसभावाच्या मुंजीचा तोच व्हिडिओ असतो. आणि काढून टाकलेली फाइलही लगेच जात नाही, ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. म्हणजे घरातून उचललेली रद्दी गॅलरीत नेऊन ठेवायची आणि घर मोकळे झाले असे समजायचे.

एक आक्षेप लगेच येईल की अहो, गेमच आता अवाढव्य झाले, त्यात पोराचा काय दोष? हे खरेच आहे. १९८५ चा सुपर मारियो सुमारे ४० केबीत मावत होता. २०१९ मध्ये संगणकावर आलेल्या ‘रेड डेड रिडेम्पशन २’ ला १५० जीबी जागा लागते, म्हणजे त्यात छत्तीस लाखांहून अधिक मारियो बसतील, चौथ्या सीटवर सरकून घेतले तर चाळीसही. घोड्याच्या मानेवरचा प्रत्येक केस जवळून पाहिला तरी खरा वाटावा म्हणून मोठमोठी चित्रे लागतात आणि पात्रांचे तासन्‌तास चालणारे बोलणे साठवावे लागते. पण मारियोच्या काळात तरी आपण कमी हावरट होतो का? आपल्याकडे तो आला बहुतेक नकली यंत्रांवरच्या पिवळ्या कॅसेटीतून, आणि तिच्यावर छापलेले असे ‘९९९९९९९ इन १’. आत खरे गेम पाच-सात. तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे, तिसऱ्या पानावर मारियो थोडा उंच उडी मारायचा एवढाच फरक. तरीही सोसायटीत मान असायचा तो नऊ लाख नव्व्याण्णव हजारवाल्यापेक्षा नव्व्याण्णव लाखवाल्याला. खेळायचा मात्र दोघांनीही मारियोच. आजच्या कन्सोलवर अकरा गेम भरून ठेवणारा आणि रोज क्रिकेटचा तोच एक खेळणारा चिरंजीव त्याच घराण्यातला आहे. मोठा आकार ही गेमची गरज असेल. एकाच वेळी अकरा ठेवणे ही माणसाची.

काही समंजस लोक डिस्क वाढवण्याऐवजी तिचे भाग पाडतात. सी ड्राइव्हवर विंडोज, डी वर बाकीचे. कल्पना उत्तम, पण भाग पाडल्याने जागा वाढते असा समज या पट्ट्यात तरी टिकायला नको होता. ठाणे जिल्ह्याचेही १ ऑगस्ट २०१४ रोजी पार्टिशन झाले, पालघर वेगळा निघाला. कल्याण स्टेशनच्या जिन्यावरचा एक माणूस त्याने कमी झालेला नाही. कल्याणजवळची २७ गावे तर १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये परत आत आली. संगणकाच्या भाषेत याला कट आणि पेस्ट म्हणतात. प्रत्यक्षात घडते असे की सी ड्राइव्ह लाल होऊन धापा टाकतो आणि डी मध्ये दोनशे जीबी वारा खेळत असतो. एकाच डिस्कवर असूनही इकडचे तिकडे नेता येत नाही, कारण गेम हलवला की तो ‘मी इथे नव्हतोच’ म्हणतो आणि चालायचे नाकारतो. डोंबिवलीच्या पूर्व-पश्चिमेला जोडणारा कोपर पूल २०१९ ते २०२१ बंद होता, तेव्हा सी आणि डी मधले अंतर काय असते ते अख्ख्या गावाने रिक्षात बसून अनुभवले आहे.

मग बाहेरची डिस्क येते. यूएसबीने लावायची, स्वस्त, भरपूर जागेची. प्लेस्टेशन ५ ची अट अशी की त्याचे स्वतःचे गेम बाहेरच्या डिस्कवर नुसते ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. खेळायचे तर परत आत आणा. बदलापूरला गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेतलेल्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. तिथे जुने कपाट, पाळणा आणि शिलाई मशीन सुखाने राहतात. माणसे राहत नाहीत. आतली जागा वाढवायची तर एम.२ एसएसडी, च्युइंगमच्या पाकिटाएवढी. कन्सोलच्या पोटात तिच्यासाठी खाच पहिल्या दिवसापासून होती, पण कंपनीने ती वापरायची परवानगी दिली सप्टेंबर २०२१ मध्ये. यंत्र परदेशात विकायला आले नोव्हेंबर २०२० मध्ये आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. फ्लॅटचा ताबा दिला, एका खोलीची ओसी मागाहून दिली; ग्राहकाला यात परकेपणा मुळीच वाटला नाही. शिवाय सोसायटीसारखे नियम आहेतच. वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा वर असावा, उष्णता शोषणारे आवरण हवेच, आणि आवरणासकट उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. हे सगळे जुळले की एक स्क्रू काढायचा असतो. तो दाण्याएवढा स्क्रू फरशीवर पडतो. पडताना आवाज होतो, सापडताना होत नाही. यानंतर घरातले सगळे गुडघ्यांवर रांगू लागतात आणि सोफ्याखालून एक कंगवा, दोन कॅरमच्या सोंगट्या आणि २०१६ ची, नोटाबंदीतून वाचलेली पाचशेची नोट निघते. स्क्रू दुसऱ्या दिवशी केर काढताना सापडतो.

‘जागा आता स्वस्त झाली आहे, मग काढायचे कशाला?’ हा दुसरा आक्षेप. झाली होती खरी. १९५६ मध्ये आयबीएमने काढलेले पहिले डिस्क-यंत्र सुमारे टनभर वजनाचे होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. तेवढ्यात आज सुप्रभातची पाच-सात फुलेही मावायची नाहीत. तिथून आपण खिशातल्या टेराबाइटपर्यंत आलो. पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव पुन्हा चढू लागले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बांधलेली डेटा सेंटरे चिपा गिळत सुटली आहेत. अशा डेटा सेंटरांच्या भल्यामोठ्या बिनखिडक्यांच्या इमारती ठाण्यापलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यातही उभ्या आहेत. म्हणजे जगाला जागा कमी पडली की ती शेवटी ठाणे जिल्ह्यातच शोधायची, ही परंपरा अबाधित आहे. तरी लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवरचा संवाद बदललेला नाही. ‘एक टीबी पुरेल का?’ ‘दोनच न्या साहेब, एक घेतलीत तर वर्षभरात परत याल.’ ‘दोन पुरेल ना?’ ‘परत यायला जरा उशीर होईल.’ इतका सडेतोड अभिप्राय नगररचना खात्यातही मिळत नाही.

तिसरा आक्षेप तरुण देतात. म्हणे, काढा बिनधास्त, हवा तेव्हा पुन्हा उतरवून घेऊ. यातले गणित करून पाहू. १५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला कागदावर तीन तास वीस मिनिटे लागतात. कागदावर म्हणायचे कारण, आईची मालिका, बाबांची मीटिंग आणि खालच्या मजल्याला दिलेला पासवर्ड हे कागदावर नसतात. पावसाळ्यात महावितरणही नसते. याउलट खिशात एक टेराबाइटची डिस्क घालून डोंबिवलीहून फास्टने सव्वा तासात सीएसएमटीला उतरणारा माणूस हिशेबाने १,७०० एमबीपीएसहून जास्त वेगाने माहिती वाहून नेत असतो, घरच्या जोडणीच्या सतरापट. या तालुक्यातली सर्वांत वेगवान ब्रॉडबँड सेवा अजून मध्य रेल्वेच चालवते, आणि मासिक पासात. तिच्यात पॅकेट लॉस होतो, पण तो मशीद बंदरच्या आसपास आणि खऱ्या पाकिटाचा. तेव्हा ‘पुन्हा उतरवू’ या आशेवर कुणी काही काढून टाकत नाही, हे त्या तरुणांनाही ठाऊक असते. त्यांचेही अकरा गेम जागच्या जागी असतात.

एका आक्षेपापुढे मात्र मला दोन पावले मागे सरकावे लागते. जे ठेवले नाही ते कायमचे जाते, असे जपणारे लोक म्हणतात, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांचे दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केले. त्यानंतर तिथले डिजिटल गेम पैसे मोजूनही नव्याने घेता येत नाहीत. ज्याने ठेवले त्याच्याकडे राहिले. हा युक्तिवाद आपल्याकडच्या प्रत्येक आजीने शतकानुशतके श्रीखंडाच्या डब्यांच्या बाबतीत केला आहे, आणि वर्षातून एकदा, कुणाला तरी लोणचे बांधून देताना, तो खराही ठरतो. पण संग्रह आणि साठा यांत फरक असतो. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून पुस्तके जपते आहे. तिथे सूची आहे, नोंद आहे, मागितले पुस्तक सापडते. तुमच्या ‘सगळे’मधल्या ‘सगळे’मध्ये काय आहे, याचे उत्तर तुम्हाला देता येत असेल तर खुशाल त्याला संग्रह म्हणा आणि चार टेराबाइट घ्या. डोंबिवलीतच पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदानात लोक वाचलेली पुस्तके पिशवीतून आणून देतात आणि दुसऱ्यांची घेऊन जातात. त्यांतलाच एखादा माणूस संध्याकाळी घरी येऊन २०११ चा अँटिव्हायरस काढायला तयार नसतो. कारण विचारा. ‘राहू दे, काही खायला मागतोय का?’

मागतो, जीबी मागतो. पण हे वाक्य ज्या सुरात म्हटले जाते त्यापुढे पुरावा चालत नाही. त्यात ‘लागेल कधीतरी’ हे भविष्य आहे, ‘पैसे घातलेत’ हा इतिहास आहे, आणि ‘नंतर बघू’ हा वर्तमान आहे. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, हे खोक्यावर छापले तरी फरक पडणार नाही. डब्यात मुंगीला जागा नसताना मुंब्र्याला आणखी सहा जण चढलेले आपण पाहिले आहेत, आणि तरी गाडी सुटतेच, हा आपला अनुभव आहे. कन्सोल मात्र या मार्गावर वाढलेले नाही. ते ४२.७ जीबीसाठी अडून बसते. ‘जरा आत सरका’ ही विनंती त्याला कळत नाही.

तेव्हा जाणारच असाल लॅमिंग्टन रोडला, तर जा. फास्टने दादरला उतरून ग्रँट रोड. सुट्टी तुम्हाला फक्त रविवारी असते हे गृहीत धरतो. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात आणि माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असतो. दिवस मोकळाच आहे, रिसायकल बिन तेवढी रिकामी करून घ्या.